अडलेला चौथा स्क्रू

सई, आधी तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव. तू पाठवलेल्या फोटोच्या कडेला तुझा तळवा आलाय, त्यावर मुठीचे लाल वळ दिसताहेत. म्हणजे बराच वेळ झटापट चाललेली दिसते. आता एकही पीळ द्यायचा नाही. चहा टाक आणि मी काय सांगते ते नीट वाच. तुझा प्रोसेसर शाबूत आहे, बोर्ड शाबूत आहे, आर्किटेक्चरच्या ज्युरीचं मॉडेल डिस्कवर जिथल्या तिथे आहे. प्रोसेसरवरच्या कूलरच्या चार स्क्रूंपैकी एक अडलाय, एवढंच झालंय. तू मेसेजमध्ये लिहिलीस ती ‘वाट’ अजून लागायची आहे, आणि ती नेहमी यानंतरच्या अर्ध्या तासात लागते, रागाच्या भरात.

बाबांना तूर्त कळवू नकोस. कळवलंस की ते टेस्टर खिशात घालून पुण्याची एसटी पकडतील. आपल्या घरात टेस्टरने काय काय उघडलंय ते तुला ठाऊक आहेच: मिक्सर, रिमोट, पंख्याचा रेग्युलेटर, एकदा तर आजीच्या चष्म्याची दांडी. अगं, टेस्टर हा लाइट आहे की गेली ते बघायला असतो. त्याचं पातं चपटं आणि मऊ. फुलीच्या खाचेत ते जेमतेम दोन कडांना टेकतं आणि त्याच कडा खाऊन टाकतं. तुझ्या स्क्रूवर जी चकाकी दिसतेय ना, ती मला टेस्टरचीच करणी वाटते. खरं सांग, फ्लॅटवर दुसरं काही नव्हतंच ना? रागावत नाही मी.

हा कूलर बसतो कसा ते आधी डोळ्यांसमोर आण, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुझा प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, त्याच्याबरोबर डब्यात आलेला रेथ स्टेल्थ कूलर. बोर्डाच्या पाठीमागे एक पट्टी असते, बॅकप्लेट म्हणतात तिला. तिच्यातल्या चार पोकळ खुंट्या बोर्डाच्या भोकांतून पुढे आलेल्या असतात आणि त्यांच्या आत आटे असतात. कूलरचे चार स्क्रू या चार खुंट्यांत जातात. प्रत्येक स्क्रूवर एक स्प्रिंग असते. स्क्रू आत गेला की स्प्रिंग दबते आणि दबलेली स्प्रिंग कूलरला प्रोसेसरवर चेपून धरते. किती चेपायचं हे कारखान्याने त्या स्प्रिंगमध्येच ठरवून दिलेलं आहे. म्हणजे स्क्रू तळाला टेकला की काम संपलं. त्यापुढे लावलेला जोर कूलरला मिळत नाही, तो नुसता आट्यांत आणि डोक्यात मुरतो.

आणि हे न कळणारी माणसं बाजारात पुष्कळ आहेत. तुझं मशीन ज्याने जोडून दिलं त्याने बॅटरीच्या ड्रिलने टर्र टर्र करून चारही स्क्रू कसले असणार. तीन जण सुटले हे तुझं नशीब. चौथा बहुतेक तिरका चढलेला असावा; घाईत लावलेल्या चारांत एक तरी तसा निघतोच.

म्हणून पहिलं काम, स्क्रूला नेमकं झालंय काय ते बघायचं. मोबाइलचा टॉर्च लाव आणि तो बाजूने, अगदी तिरपा धर. वरून सरळ उजेड टाकलास तर सगळे स्क्रू सारखेच चकाकतात. तिरप्या उजेडात फुलीच्या भिंती वेगवेगळ्या दिसतात. भिंती उभ्या आणि कडा धारदार असतील तर डोकं जिवंत आहे. कडा गोल झाल्या असतील, मधोमध खळगा पडला असेल, आणि खाचेत बारीक चंदेरी भुसा अडकला असेल तर डोकं गेलं म्हणायचं. अजून बारकाईने बघ: फुलीच्या प्रत्येक पाकळीला दोन भिंती असतात, एक सोडताना जोर घेणारी, एक आवळताना जोर घेणारी. तू सोडवायच्या दिशेनेच झगडलीस, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती झिजल्या असतील आणि उलट बाजूच्या अजून कोऱ्या असतील. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडणार आहे.

डोकं जाणं हा झाला एक आजार. दुसरा आट्यांचा: स्क्रूड्रायव्हर खाचेत पक्का बसतो, निसटत नाही, पण मनगट भरून आलं तरी स्क्रू तसूभर हलत नाही. तिरके चढलेले आटे, गंज, नाहीतर आट्यांना लावलेला चिकट द्रव, यातलं काहीतरी कारण असतं. तिसरा आजार सगळ्यांत फसवा. स्क्रू फिरतो, छान मजेत फिरतो, पण वर म्हणून येत नाही. तिथे मागची खुंटी पट्टीतून सुटलेली असते आणि स्क्रूबरोबर तीही गरगर फिरत असते. कॅबिनेटची दुसरी बाजू उघडलीस की बोर्डाच्या ट्रेला प्रोसेसरच्या मागे मोठी खिडकी कापलेली दिसेल. मैत्रिणीला तिथे टॉर्च धरायला सांग आणि तू पुढून हळूच स्क्रू फिरव. मागे काही फिरताना दिसलं तर आजार तिसरा.

एवढी पारख कशाला, तर पहिल्या आजाराचं औषध तिसऱ्याला विष आहे. डोकं गेलेला स्क्रू खाली दाबून फिरवायचा असतो. सुटलेल्या खुंटीचा स्क्रू दाबलास तर खुंटी पट्टीतून आणखी मागे ढकलली जाते, होती नव्हती ती पकड सुटते आणि मग तो दिवसभर फिरत बसेल. मोबाइलवर बघून करणारे सगळे इथेच फसतात. व्हिडिओतल्या दादाचा आजार वेगळा असतो, यांचा वेगळा.

आता जे काढून ठेवलेस ते तीन स्क्रू परत लाव. हो, परत लाव. माझं डोकं ठिकाणावर आहे. तीन कोपरे मोकळे आणि एक आवळलेला, अशाने कूलर कलतो आणि सगळा ताण त्या एका स्क्रूवर आडवा येतो. आडव्या ताणाने आटे आणखी आवळतात. तिन्ही स्क्रू पूर्ण बसव, मशीन चालू कर आणि पंधरा-वीस मिनिटं काहीतरी जड काम दे. ते रखडलेलं रेंडर लाव हवं तर. यामुळे खालची वाळलेली थर्मल पेस्ट गरम होऊन नरम पडेल. याचं महत्त्व कूलर उचलताना कळेल तुला. घाबरू नकोस, ५६००जी ९५ अंशांच्या वर स्वतःला जाऊ देत नाही, तापला की आपणहून वेग कमी करतो.

मग मशीन बंद कर, वायर भिंतीतून काढ, आणि वायर काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर म्हणजे सप्लायमध्ये साठलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लाव. कॅबिनेट टेबलावर आडवं झोपव, गादीवर नाही. आता तिन्ही चांगले स्क्रू तिरक्या जोड्यांनी एक-दोन फेरे सैल कर, काढू मात्र नकोस. ताण सगळीकडून सारखा उतरला की चौथ्याकडे वळायचं. पुढच्या वेळी तर सुरुवातच त्याच्यापासून कर. ज्या स्क्रूबद्दल शंका आहे तो पहिला, बाकीचे तिघे अजून कूलरला सरळ धरून असतात तेव्हाच.

पण हे सगळं योग्य हत्यार घरी आल्यावर करायचं, म्हणून आता हत्याराचं बोलू. तुझ्या स्क्रूची खाच फिलिप्सची आहे, दोन नंबरची. अमेरिकेतल्या ओरेगनच्या हेन्री फिलिप्सला १९३६मध्ये याची पेटंटं मिळाली, आणि कॅडिलॅक गाड्या बनवताना ते स्क्रू पहिल्यांदा कारखान्यात आले. या खाचेच्या भिंती तळाकडे निमुळत्या असतात. त्यामुळे यंत्राचं टोक न शोधता मधोमध जाऊन बसतं, कारखान्याला ते फार सोयीचं. पण पीळ वाढला की टोक त्याच उतारावरून वर चढतं आणि उडी मारून बाहेर पडतं. हे मुद्दाम केलं होतं की आपोआप झालं, यावर जाणकार अजून भांडतात. आपल्या दृष्टीने वाईट एवढंच, की प्रत्येक उडीला ते भिंतीचा एक थर खरवडून नेतं. एक नंबरचं टोकही दोन नंबरच्या खाचेत जातं, फिरतंही, म्हणून आपल्याला वाटतं बसलं. तुझ्या मैत्रिणीकडचं ते बत्तीस तुकड्यांचं मोबाइल दुरुस्तीचं किट याला चालणार नाही. त्याची टोकं बारीक, आणि मूठ इतकी किरकोळ की पीळच बसत नाही.

उद्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा. टपारियाचा घेतलास तरी उत्तम, आपल्या नाशिकची कंपनी आहे. मूठ जाड हवी, कारण जाड मुठीवर त्याच हाताने जास्त पीळ मिळतो, आणि दांडा लांब हवा, म्हणजे पंख्याच्या कडेला मूठ अडकत नाही. आता एक गोष्ट तुला एकटीला म्हणून सांगते. हत्यारांच्या दुकानात बाई गेली की काउंटरवरचा माणूस तिच्या खांद्यावरून मागे बघतो, सोबत कोण आलंय ते शोधत. कॉलेजची लॅब सांभाळायला लागून मला इतकी वर्षं झाली, तरी हे होतंच. त्याच्याशी वाद घालू नकोस, आणि ‘तो स्टारवाला द्या ना’ असंही म्हणू नकोस. ‘पीएच टू, लांब दांडा, टोक कडक स्टीलचं’ असं एका दमात माग. त्याची नजर ताबडतोब तुझ्यावर येते. मग एक वापरलेला स्क्रू खिशातून काढून तिथेच लावून बघ. टोक खाचेत बसल्यावर डुगडुगलं नाही पाहिजे. तुझ्या काढलेल्या तिघांपैकी एक घेऊन जा, त्या वेळेपुरता. हरवलास तर बघ.

घरी आल्यावर खाचेतला चंदेरी भुसा टाचणीने काढ, नाहीतर नवं टोक त्याच्यावरच बसेल आणि तळापर्यंत जाणार नाही. स्क्रूड्रायव्हर अगदी उभा धर. वर डाव्या हाताचा तळवा ठेव आणि खाली दाब दे, उजव्या हाताने मूठ फिरव. दाब जास्त, पीळ कमी. दाबण्याचा दुहेरी फायदा आहे: टोक खाचेत रुततं, आणि स्प्रिंग स्क्रूला वर ओढत असते तो ताण तुझ्या दाबाने हलका होऊन आटे सुटायला मदत होते. पहिला पीळ मात्र आवळायच्या दिशेने दे, अगदी केसभर. त्या कोऱ्या भिंती सांगितल्या होत्या ना, त्यांचा उपयोग आता. अडलेले आटे एकदा कुठल्याही दिशेला कचकन हलले की पकड मोडते. मग उलट फिरव. ‘टक्’ असा बारीक आवाज आला तर समज जिंकलीस. तो आवाज ऐकून थांबू नकोस, पण घाईही करू नकोस.

मैत्रिणी रबरबँडचा सल्ला देतील. खाचेवर रबर ठेवून वरून स्क्रूड्रायव्हर दाबायचा, रबर झिजलेल्या जागा भरून काढतं. डोकं थोडं झिजलंय आणि स्क्रू फारसा आवळलेला नाही, तिथे होतं काम. भाजीच्या जुडीचा बारीक रबर नको, रुंद पट्टीचा घे. पण तुझ्यासारख्या ठासून बसलेल्या स्क्रूवर रबरच आतल्या आत फाटतं, हे माझं मत. एकदा करून बघ, नाही जमलं तर नाद सोड. फेव्हिक्विकने स्क्रूड्रायव्हर स्क्रूला चिकटवायची आयडिया कोणी दिली तर तिला खोलीबाहेर काढ. तो पाण्यासारखा पातळ असतो, स्प्रिंगवरून घरंगळत खुंटीत उतरला तर आत्ता जे तिरके चढलेत ते आटे कायमचे जोडले जातील.

स्प्रेचंही तेच. डब्ल्यूडी-४०चा डबा प्रत्येक घरात असतो आणि प्रत्येकाला तो कुठे ना कुठे मारायचा असतो. बोर्डावर फवारा मारायचा नाही. तेल धूळ घेऊन सॉकेटपर्यंत जातं आणि मग त्याचा चिखल होतो. आमच्याकडे रत्नागिरीला मात्र मी ते वापरते, कारण आमचा शत्रू वेगळा. खाऱ्या हवेने चार पावसाळ्यांत स्क्रूच्या मानेला तांबडी कड येते आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी पूड बसते. तिथे टूथपिकच्या टोकावर एक थेंब घेऊन खुंटीच्या तोंडाशी टेकवायचा आणि रात्रभर सोडून द्यायचं. पुण्याच्या कोरड्या हवेत चार वर्षांच्या मशीनला गंज कुठला? तुला त्याची गरज नाही.

दाबून नाही जमलं तर पुढची पायरी पकड, ती लॉक होणारी, व्हाइस ग्रिप मागितलीस की देतात. कूलरचे स्क्रू भिंतीतल्या स्क्रूसारखे पत्र्यात बुडालेले नसतात, त्यांचं डोकं स्प्रिंगच्या वर उंच असतं. बाजूने जागा मिळाली की पकडीचे दात डोक्याच्या कडेला लावून लॉक करायचे आणि पाव-पाव फेऱ्याने फिरवायचं. फुली पूर्ण गेली असली तरी चालतं, कारण इथे फुलीचा संबंधच येत नाही. मला विचारशील तर निम्म्या अडलेल्या कूलरना हेच पुरतं, आणि लोक हे सोडून बाकी सगळं करून बघतात. पंख्याची वायर आधी बोर्डावरून काढ आणि पकडीखाली बोर्डावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेव. पकड सटकली तर तिचं टोक थेट बोर्डाच्या बारीक रेषांवर येतं, आणि ती एक रेघ तुटली की मग खरोखर वाट लागली.

स्क्रूड्रायव्हर पक्का बसतोय पण स्क्रू हलतच नाही, असं असेल तर आट्यांना चिकट द्रव लावलेला असू शकतो. लॅपटॉपच्या स्क्रूंना तो निळा ठिपका पुष्कळदा असतो. त्याला उष्णता चालत नाही. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवलं की द्रव नरम पडतो, आणि लगेच स्क्रू फिरवायचा. तुमच्या मॉडेल बनवायच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न असेलच. प्लॅस्टिकला मात्र लावू नकोस, वास येईल आणि घरमालकीण वर येईल.

आणि मागची खुंटी फिरत असेल तर वरचं सगळं विसर. कॅबिनेट उभं कर. मैत्रिणीला मागच्या खिडकीतून पट्टी अंगठ्याने बोर्डाकडे घट्ट दाबायला सांग. तू पुढून कूलरचा तो कोपरा बोटांनी किंचित वर उचलून धर, म्हणजे खुंटीची टोपी मागून पट्टीवर ओढली जाऊन अडेल. मग स्क्रूड्रायव्हर फक्त टेकव आणि बिनदाबाने फिरव. दोघींचं एका वेळी जमलं पाहिजे, त्यामुळे मध्येच हसू नका. हे फार वेळा जमतं. नाही जमलं तर मागून खुंटीची टोपी नाकाड्या पकडीत धरता येते का बघायचं.

यातलं काहीच चाललं नाही तर ड्रिल. पण तो तू करायचा नाहीस. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या काकांना सांग, त्यांच्या हातात रोज हेच असतं. बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण काढायचा, स्क्रूच्या भोवतीचं सगळं ओल्या कागदाने आणि मास्किंग टेपने झाकायचं, आणि कमी वेगाने स्क्रूचं फक्त डोकं उडवायचं. पूर्ण स्क्रू पोखरायची गरज नसते. डोकं गेलं की स्प्रिंग सुटते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच. कूलर वर उचलला जातो, आणि उरलेला दांडा खुंटीतून वर डोकावत राहतो. त्याच्यावर आता ताणच नसल्याने तो पुष्कळदा पकडीने सहज फिरून येतो. भीती असते ती धातूच्या कणांची. एक कण दोन पायांमध्ये अडकला की वीज चालू करताच शॉर्ट. म्हणून साफसफाई ब्रशने, मग व्हॅक्यूमने, आणि मग पुन्हा टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघून. लोहचुंबकावर विसंबू नका, ॲल्युमिनियमचे कण त्याला दाद देत नाहीत. कूलर खराब झाला तर होऊ दे. तो या सगळ्यात सर्वात स्वस्त वस्तू आहे, बोर्ड नाही.

समजा निघाला स्क्रू. आता लगेच कूलर वर खेचशील, आणि इथेच खरा घोटाळा होतो. तुझ्या सॉकेटमध्ये, एएम४ नाव त्याचं, प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक पिना असतात आणि एक दांडी त्या धरून ठेवते. ती दांडी कूलरखाली झाकलेली असते, उघडता येत नाही. पेस्ट वाळून घट्ट झाली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसर उपटून वर येतो, दांडी बंद असतानाच. म्हणून मघाशी मशीन तापवायला सांगितलं. एवढ्या खटपटीत ते थंड झालं असेल तर हेअर ड्रायरने कूलरला बाजूने ऊब दे. मग कूलर जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरव, दरवाजाची गोल मूठ फिरवतो तसा, आणि पकड सुटल्याचं हाताला जाणवलं की मगच उचल. चारही स्क्रू निघाल्यावर मागची पट्टीही सुटी होते. कॅबिनेट उभं असेल तर ती धप्पकन खाली पडेल. तिला धरून ठेवायला मैत्रीण हवीच.

तरीही प्रोसेसर चिकटून आलाच तर किंचाळू नकोस. दोन्ही टेबलावर ठेव, पिनांना हात लावू नकोस, पुन्हा ऊब दे आणि प्रोसेसर कडांना धरून पेस्टवरून आडवा सरकव. एखादी पीन वाकलीच तर तुझी पेन-पेन्सिल घे, शिसं काढून टाक, पोकळ टोक पिनेवर हलकेच चढव आणि तिला शेजारणींच्या रांगेत आण. तुमच्या आर्किटेक्चरवाल्यांचा हात याला आमच्यापेक्षा बरा. एकदा सरळ केलेली पीन पुन्हा वाकवायची नाही, ती तुटते.

रूममेटचं मशीन इंटेलचं आहे म्हणालीस. तिच्या डब्यातल्या कूलरला स्क्रू नसतातच, चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने वळवून वर ओढायच्या. आणि २०२२पासूनच्या एएम५ रायझनमध्ये पिना सॉकेटकडे गेल्या आणि प्रोसेसरवर लोखंडी चौकट आली, त्यामुळे तो कूलरबरोबर उपटला जात नाही. लॅपटॉप उघडायला घेतलास तर तिथले आकडे वाच: स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ छापलेलं असतं, सोडताना उलट्या क्रमाने जायचं. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं, एका कोपऱ्यावर भार पडला तर काचेसारखा टवका उडतो.

तुझ्याकडे परत. कूलर आणि प्रोसेसर दोन्हींवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि लिंट न सुटणाऱ्या कापडाने पूस, कापसाने नाही, त्याचे धागे राहतात. नवी पेस्ट मधोमध मटारच्या दाण्याएवढी पुरे, ती पसरायचं काम कूलर करेल. चौथा स्क्रू आता वापरू नकोस, डोकं गेलेला स्क्रू परत लावणं म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा मला फोन. तपकीर गल्लीत जुन्या कूलरचे सुटे स्क्रू स्प्रिंगसकट मिळतात का विचार. नाहीच मिळाले तर अख्खा जुना स्टेल्थ घे. खुंटीतले आटे तपासायला आधी चांगला स्क्रू कूलरशिवाय नुसत्या बोटांनी त्या खुंटीत फिरवून बघ. बोटांनी तळापर्यंत गेला तर आटे ठीक. दोन फेऱ्यांत अडला तर जोर करू नकोस, पट्टी बदलावी लागेल, आणि ती वेगळी मिळते.

बसवताना चारही स्क्रू आधी बोटांनी आट्यांत धरव. आधी एक, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला, मग उरलेले दोघं, प्रत्येकाला दोन-दोन फेरे, असं करत तळाला टेकेपर्यंत. टेकला की हात काढ. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लाव, नाहीतर मशीन चालू होतानाच ओरडेल. पहिल्यांदा चालू केल्यावर थेट बायोसमध्ये जा आणि तिथे तापमान बघत बस. आकडा झपाट्याने चढत गेला तर लगेच बंद कर, कूलर कललाय. स्थिर राहिला तर रेंडर लाव आणि झोप.

आणि तो निघालेला स्क्रू फेकू नकोस, त्याच्या आट्यांचा जवळून एक फोटो पाठव. तिरका चढला होता की नाही ते मला बघायचंय.